हौशीराम आबांची इटालियन फरशी

कॉलेजातले सगळे रूपांतरित खडक नव्या कमानीच्या पायात गेले, ही बातमी मला शिपाई जानकूने चहाबरोबर दिली.

"मॅडम, ती तुमची दगडाची खोकी व्हती ना, पॅसेजमधली? ती सोलिंगला लागली."

सोलिंग म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी पायात दगड भरतात ते. रंगकामासाठी आमच्या भूशास्त्र विभागाची कपाटं रिकामी करून खोकी पॅसेजमध्ये ठेवली होती. कंत्राटदाराला दगड थोडे कमी पडले. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला आयते दगड सापडले. पाटीचा दगड, शिस्ट, नाइस, संगमरवर आणि माझ्या आधीच्या सरांनी लडाखहून स्वेटरमध्ये गुंडाळून आणलेला एक एक्लोगाइट, सगळ्यांवर काँक्रीट पडलं. त्यावर खांब उभे राहिले आणि खांबांवर संस्थेचे अध्यक्ष हौशीराम आबा यांच्या कैलासवासी वडिलांचं नाव चढलं.

मी प्राचार्यांकडे गेले. तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली.

"दगडच ना मॅडम?" ते म्हणाले. "जुन्नर तालुक्यात दगडाला काय तोटा?"

"सर, इथला सगळा काळा बेसॉल्ट आहे. लाव्हाचा. मला रूपांतरित हवेत."

"मग करून घ्या."

ते विनोद करत नव्हते. ते वाणिज्य शाखेचे. रूपांतर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर वर्ग दोनची जमीन वर्ग एक होते, आणि तेवढं काम तहसीलमध्ये होऊन जातं.

मी जास्त बोलले नाही, कारण मी तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, नाही झाला तर घोडेगावची एक रहिवासी. दर वर्षी जूनमध्ये मला ठेवायचं की नाही हे हौशीराम आबा ठरवतात. त्यांच्या वडिलांच्या नावाची कमान खणून माझे दगड काढा, असं सांगण्याची ती वेळ नव्हती.

वर्गात आठ मुलं. त्यांच्यापुढे मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'संलक्षणी'. रूपांतरित खडकांची वर्गवारी रंगावरून किंवा बाजारातल्या नावावरून करत नाहीत. तो खडक जमिनीखाली किती उष्णतेतून आणि किती दाबातून गेला, त्यावरून करतात. एकाच परिस्थितीतून गेलेले सगळे खडक एका गटात, आणि त्या गटाला मराठी पुस्तकात म्हणायचं संलक्षणी. ज्याने हा शब्द काढला त्याने तो वर्गात उभं राहून एकदाही म्हणून पाहिला नसावा.

मागच्या बाकावरून गोरख म्हणाला, "मॅडम, ते सुलक्षणी असंल. आमच्या वहिनीच्या बायोडाटात व्हतं."

गोरख ओतूरकडच्या कांदेवाल्या घरातला. भूशास्त्र घेण्याचं कारण पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की फॉर्म भरताना बाकीच्या विषयांची रांग मोठी होती.

मी पिठावरून समजावलं. पीठ तेच. तव्यावर टाकलं की भाकरी, उकळत्या पाण्यात हाटलं की उकड. भूशास्त्रज्ञाने काय करायचं, तर घास खाऊन सांगायचं की तवा किती तापला होता आणि झाकण होतं का.

"आणि जळून गेली तर?"

"जळायच्या ऐवजी वितळली, तर तो पुन्हा अग्निजन्य खडक. मग तो माझा पेपर नाही, सकाळच्या सरांचा."

आणि आपल्या भागात काय आहे? लेण्यांच्या कातळात पोकळ्या असतात, त्यात पांढरे स्फटिक दिसतात. ते झिओलाइट. झिओलाइट ही वर्गवारीतली अगदी खालची पायरी. उष्णता म्हणाल तर चहाच्या आधणाच्या मागेपुढे. "या विषयात आपला तालुका काठावर पास आहे," मी म्हटलं. मुलांना ते लगेच कळलं. काठावर पास ही त्यांच्या ओळखीची संलक्षणी होती.

दगड मात्र हवे होते. म्हणून मी नारायणगाव रस्त्यावरच्या दादाभाऊच्या मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानात गेले, आणि आठही मुलं माझ्यामागे आली. दुकानात उभ्या लाद्या रेलून ठेवलेल्या. एक पांढरी लादी होती, तिच्यात डाळिंबाचे दाणे सांडावेत तसे लालबुंद ठिपके. गार्नेट. मला इतका आनंद झाला की मी तिच्यावर हात फिरवला.

"काश्मीर व्हाइट," दादाभाऊ म्हणाला. "टॉपचा ग्रॅनाइट."

"हा ग्रॅनाइट नाही, दादाभाऊ. आणि काश्मीरचा तर नाहीच. मदुराईकडचा आहे."

"मदुराई व्हाइट म्हणून कोण घील मॅडम? हितली निम्मी माणसं मदुराईला जाऊन आल्यात. काश्मीरला कोण गेलंय?"

मग त्याने मला हिरवा मार्बल दाखवला, जो मार्बल नव्हता, आणि काळा ग्रॅनाइट दाखवला, जो ग्रॅनाइट नव्हता. दगडाला मी खरं नाव दिलं की दादाभाऊ माझ्याकडे असा बघायचा, जणू बारशाला आलेल्या पाहुण्याने पोराचं नाव बदलायला सांगितलंय. तरी माणूस दिलदार. कापून उरलेले तुकडे फुकट देतो म्हणाला. उद्या.

दादाभाऊच्या उद्याची आम्ही आठवडाभर वाट पाहिली. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, उरतंच नाय काय. माझा सगळा चांगला माल आबांच्या मढच्या बंगल्यात बसवलाय. एका घरात एवढं दगूड जिल्ह्यात नसतील. हॉलमधी तर डायरेक्ट इटालियन."

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा तेजस्विनीने मान खाली घातली. ती हौशीराम आबांची मुलगी. तीन वर्षांत तिने ते कुणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं आणि कुणी विसरलंही नव्हतं. तास संपल्यावर ती माझ्याजवळ आली.

"मॅडम, आमच्याकडे चला ना. पप्पा मुंबईला गेलेत. आजी आहे, पण ती काही बोलत नाही."

यातल्या दोन्ही गोष्टी पुढे खोट्या निघाल्या.

मढला आम्ही एसटीने गेलो. आबांचा बंगला माळशेजच्या रस्त्यापासून थोडा आत, भाताच्या खाचरांच्या मधोमध, लांबून बघितला की एखादं मंगल कार्यालय वाटावं असा. ओट्यावर आबांच्या आई, बयाबाई, वाल सोलत बसलेल्या. त्यांनी आठ मुलांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून ठेवली.

"तू ह्यांची मास्तरीण? कुटली तू?"

"घोडेगावची."

"घोडेगावात कुणाची?"

म्हणजे आडनाव. मी सांगितलं. वडिलांचं नाव भागुजी, एसटीत कंडक्टर होते, तेही सांगितलं, पण ते तिने ऐकलं नाही. आमच्याकडे आडनाव कळलं की माणसं मनातल्या मनात वर्गवारी उरकून टाकतात, त्याला ना भिंग लागत ना अ‍ॅसिड. म्हातारीचा चेहरा जराही हलला नाही.

"बस," ती म्हणाली. "च्या घे. सगळं घर बघ. तेवढं देवघरात नगं जाऊ."

"आजी!" तेजस्विनी कळवळली.

"असू दे," मी म्हटलं. "मी दारातून बघते."

राग आला. तो काही माझ्याकडे पहिल्यांदा आलेला पाहुणा नव्हता, त्यामुळे त्याला बसायला जागा लगेच मिळाली. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि मी त्याला तिथेच बसवून पुढे गेले, कारण ओटा काश्मीर व्हाइटचा होता. अखंड. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गार्नेटच गार्नेट. मुलं भिंग घेऊन ओट्यावर ओणवी झाली. मी सांगत होते की हा खडक सात-आठशे अंशांतून आणि कैक किलोमीटर खोलीवरून आलाय, याची संलक्षणी ग्रॅन्युलाइट, ही शिडीची वरची पायरी. न्हाणीघरात हिरवा दगड होता. तो सर्पेंटाइनचा, पाणी पिऊन बदललेला, बऱ्याच खालच्या तापमानाचा. एवढ्या घरात सगळ्यात कमी सोसलेला खडक न्हाणीत बसला होता आणि सगळ्यात जास्त भाजलेल्यावर रोज भाकऱ्या थापल्या जात होत्या.

देवघर शुभ्र संगमरवराचं. संगमरवर खरा असेल तर पातळ अ‍ॅसिडच्या थेंबाने फसफसतो, हे मुलांना दाखवायचं होतं. बाटली गोरखकडे. मी उंबऱ्याबाहेर.

"गोरख, कडेला. खालच्या अंगाला. एकच थेंब."

गोरखने पायातले मोजे काढले, पिंडीला मनोभावे नमस्कार केला आणि नमस्काराला वाकताना त्याच हातातली बाटली उलटी केली.

फसफसलं. पिंडीच्या अगदी समोर, भाकरीएवढ्या आकारात, इतकं छान फसफसलं की बाकीची मुलं "मॅडम, बघा बघा!" म्हणून ओरडली. फेस बसला तेव्हा चकाकत्या दगडावर एक पांढराफटक मंद डाग राहिला होता.

बयाबाई सुपासकट आली. तिने डाग पाहिला, गोरखला पाहिलं आणि मग उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या मला पाहिलं.

"हिला भाईर ठिवली," ती म्हणाली, "आन आपल्यातल्या पोरानं आत जाऊन दिवं लावलं!"

मला हसू फुटलं. आवरता येईना. म्हातारीच्याही तोंडाचा एक कोपरा हलला, पण तेवढ्यात अंगणात गाडी वाजली. मुंबईचं काम लवकर उरकून हौशीराम आबा परत आले होते.

पुढची काही मिनिटं आबाच बोलत होते. देवाच्या म्होरं अ‍ॅसिड? ह्याला शिक्शन म्हनायचं का? कुणाला इचारून घरात आला? मी मध्ये एकदा "चूक झाली, डाग पॉलिश करून निघेल" म्हटलं, ते त्यांनी हाताने उडवून लावलं.

"मॅडम, जूनमधी तुमी हितं यायची गरज न्हाई. दुसरं कॉलेज बघा."

एवढं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. गोरखला वाटलं आपण काहीतरी चांगलं बोलावं.

"पण आबा, देवघरातला दगूड अस्सल निघाला. आईशप्पथ. कसला फसफसला! हॉलमधला तर नाय फसफसला."

मी डोळे मिटले. हा आधीच हॉलमध्ये थेंब टाकून आला होता.

"म्हंजे?" आबा म्हणाले.

"म्हंजे... इटालियन मार्बल बी फसफसायला पायजेल ना. चुनखडीचाच असतोय त्यो."

आबांनी त्याच्या हातातून बाटली घेतली, हॉलच्या मधोमध गेले आणि स्वतःच्या हाताने धार धरली. फरशीने ते पाणी असावं तसं पडू दिलं. आबा वाट बघत उभे. आम्ही सगळे दारात.

"सावकाश व्हत असंल," आबा म्हणाले.

"आबा, ही शीर बघा," गोरख म्हणाला. त्याला आता थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. "कोंबड्याच्या पायावानी. तिकडं खिडकीपाशी बी तशीच हाय. खऱ्या दगडात एक शीर दोनदा येत नाय. ही छापल्याली हाय."

मग आमच्या संस्थेचे अध्यक्ष, पांढऱ्या सदऱ्यातले, हॉलमध्ये गुडघ्यांवर बसले आणि कोंबडे शोधू लागले. एक टीव्हीखाली होता. एक दाराशी. सोफा सरकवला तर तिथे दोन. या फरशीवर वास्तुशांतीला आलेला एक बडा पुढारी चपला बाहेर काढून चालला होता, आणि "आबा, पाय ठेवायला जीव होत नाही" असं म्हणाला होता. ते वाक्य आबा अजून लग्नामुंजीत सांगायचे. गुडघ्यांवर असतानाच त्यांनी फोन लावला.

"दादाभाऊ, इटली कुठशी आली रं?"

फोन स्पीकरवर नव्हता, पण दादाभाऊचा आवाज दणदणीत. "आबा, इटालियन डिझाइन म्हनलो व्हतो मी. तुमी डिझाइन ऐकलंच न्हाई."

आबांनी फोन ठेवला. ते उठले नाहीत. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगते, ती तितकीशी निर्मळ नव्हती. त्यांनी वर पाहिलं, मुलांवरून नजर माझ्याकडे आली, आणि आवाज एकदम घरगुती झाला.

"मॅडम, हे आता... गावात कशाला..."

"आबा, आम्ही भूशास्त्राची माणसं," मी म्हटलं. "जमिनीखालचं बोलतो. जमिनीवरचं बोलायची आम्हाला सवय नाही."

"हां. हां."

"फक्त आमचे दगड कमानीच्या पायात गेलेत. परीक्षा कुठे घ्यायची, हा प्रश्न आहे."

आबा राजकारणात उगीच एवढी वर्षं नव्हते. "हितं घ्या की," ते म्हणाले. "गाडी पाठवतो."

परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून पुण्याहून डॉ. उकिडवे आले. साठीला टेकलेले, किडकिडीत, खिशाला भिंग लटकवलेले. विभागात शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "नमुने कुठे मांडलेत?"

"मढला, सर."

"किती लांब आहे ते?"

"गाडी उभी आहे, सर. जेवणही तिथेच आहे."

ते मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर तयार झाले.

बंगल्यात देवघरातल्या डागावर बयाबाईने हळदी-कुंकवाची भरगच्च रांगोळी काढली होती. मी सवयीने उंबऱ्याबाहेर थांबले, तर ती मागून म्हणाली, "जा आत. तू भाईर ऱ्हायलीस की ह्यांचा हात सुटतोय." बाकी काही नाही. तोंडावर तोच दगडी भाव. मी चपला काढल्या होत्याच. आत जाऊन उभी राहिले. ती माझ्याकडे न बघता समईची वात सारखी करत बसली.

तेजस्विनीची तोंडी परीक्षा तिथेच झाली. उकिडवे सर भिंतीच्या दगडाला भिंग लावून म्हणाले, "हा संगमरवर. सांग, संलक्षणी कोणती?"

हा फसवा प्रश्न होता. तेजस्विनीने दगड एकदा जवळून पाहिला.

"सांगता येणार नाही, सर. शुद्ध कॅल्साइट आहे. तो तीनशे अंशांतही कॅल्साइट आणि सातशेतही कॅल्साइटच. कितीही सोसलं तरी हा काही बोलत नाही. शेजारी दुसरा कुठला खडक होता ते बघावं लागेल."

"वा," सर म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दारात उभ्या आबांनी छाती पुढे काढली. लेकीने 'सांगता येणार नाही' म्हटल्यावर पूर्ण मार्क मिळतात हे त्यांना बहुतेक विधानसभेत पाठवायच्या लायकीचं वाटलं.

स्वयंपाकघरात थोडा खोळंबा झाला. ओट्यावर बयाबाईच्या भाकऱ्या चालल्या होत्या आणि परीक्षेसाठी तवा उतरवायला तिने साफ नकार दिला. "पावणं, जरा दम धरा. एवढी थापते, मग बघा काय दगूड बघायचा त्यो." डॉ. उकिडवे तवा रिकामा होईपर्यंत ओट्याच्या टोकाशी उभे राहिले, आणि मग पिठाने माखलेल्या काश्मीर व्हाइटवर फुंकर मारून त्यांनी चार मुलांना गार्नेट विचारलं. न्हाणीघरात जागा कमी होती. तिथे सर हिरव्या पायरीपाशी नावाप्रमाणे बसले आणि मुलांना एकेक करून आत बोलावलं. आतून हिरव्या दगडाची संलक्षणी, 'ग्रीनशिस्ट', अशी घुमत बाहेर आली की बाहेरची मुलं मला अंगठा दाखवायची.

गोरख शेवटचा. त्याला न्हाणीघरात विचारायचं ते विचारून झालं. बरं झालं होतं, फार बरं नव्हतं. सर्पेंटाइन म्हणायला गेला आणि टर्पेंटाइन म्हणाला. सर हॉलमध्ये आले, सोफ्यावर टेकले, समोर सरबत आलं, आणि त्यांचं लक्ष खाली गेलं. त्यांनी भिंगसुद्धा काढलं नाही. एकवार या कोपऱ्यात बघितलं, एकवार त्या, आणि ग्लास तोंडाला लावत विचारलं, "आणि गोरख, हा रे कोणता?"

आबा शेजारीच उभे. हातात सुपारीची वाटी. वाटी थांबली.

गोरखने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागले, कारण माझ्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं. खरं सांगावं तर आबा गेले, खोटं सांगावं तर मार्क गेले, आणि दोन्हींच्या मागोमाग मी. तीन वर्षं ज्याने तोंड उघडलं की घोटाळाच केला होता, त्या पोराने पहिल्यांदाच बोलायच्या आधी विचार केलेला मी पाहिला. कान लाल झाले त्याचे.

"सर," तो अगदी पुस्तकी मराठीत म्हणाला, "या पदार्थाचं तापमान फार जास्त होतं. अकराशे, बाराशे अंश. दाब जवळजवळ नाहीच. एवढी उष्णता आणि एवढा कमी दाब, म्हणजे सॅनिडिनाइट संलक्षणी. आलेखात अगदी उजवीकडे, वरच्या कडेला. ही परिस्थिती निसर्गात क्वचित मिळते, सर."

भट्टीत भाजलेल्या टाइलचं याहून अचूक वर्णन मला जमलं नसतं. तो टाइल म्हणाला नव्हता, मार्बलही म्हणाला नव्हता. त्याने फक्त सांगितलं की तवा किती तापला होता.

डॉ. उकिडव्यांनी ग्लास खाली ठेवला. त्यांनी गोरखकडे पाहिलं, मग आबांच्या हातातल्या वाटीकडे.

"बरोबर," ते म्हणाले. "अशी परिस्थिती ज्वालामुखीच्या तोंडाशी मिळते. तसे ज्वालामुखी इटलीत आहेत म्हणा."

"बघा!" आबा केवढ्यांदा म्हणाले. "मी म्हनत नव्हतो? इटलीच!"

आणि सुपारीची वाटी त्यांनी सरांच्या हातात जवळजवळ कोंबली.

जेवताना वालाचं बिरडं होतं आणि कुणी दगडांचं नाव काढलं नाही. गाडीत बसताना सर मला हळूच म्हणाले, "तो पोरगा. त्याला पुढे शिकवा." मी म्हटलं, त्याच्या घरी कांद्याची काढणी आहे, बघू. पण परतीच्या वाटेवर मी पूर्णवेळ खिडकीकडे तोंड करून बसले, कारण माझे डोळे उगाच भरून येत होते आणि ड्रायव्हर आबांचा माणूस होता.

मुलं पास झाली. गोरखला सगळ्यांत जास्त मार्क पडले नाहीत, तेजस्विनीला पडले. पण तो आता पुण्यात एम.एस्सी.ला आहे आणि मला खडकांचे फोटो पाठवतो, त्यात निम्म्या वेळा त्याचा स्वतःचा चेहरा असतो. जूनमध्ये माझी तासिका चालू राहिली. आबांनी फरशी उखडली नाही. उखडली असती तर का उखडली हे सांगावं लागलं असतं. दादाभाऊला त्यांनी काय दम दिला ठाऊक नाही, पण एका सकाळी त्याचा टेंपो कॉलेजात आला आणि त्याने खरोखरच्या दगडांचे तुकडे विभागाच्या दारात उतरवले. प्रत्येकावर स्केचपेनने नाव. काश्मीर व्हाइटवर कंसात 'मदुराई' लिहिलेलं. प्राचार्यांनी जिन्यावरून ते बघितलं आणि मला म्हणाले, "झाले ना रूपांतरित? मी म्हटलं नव्हतं?"

गोष्ट मात्र फुटली. कुणी फोडली हे मी बघायला गेले नाही. आठ मुलं, एक ड्रायव्हर आणि दादाभाऊ, त्यात संशयिताला तोटा नव्हता. आबांचं कुणी तोंडावर नाव घेतलं नाही. उलट झालं असं की तालुक्यातल्या ज्याने त्याने आपापल्या पायांखाली बघायला सुरुवात केली. मला फोन येऊ लागले. "मॅडम, रविवारी मोकळ्या हायेत का? ती बाटली घेऊन या ना." मी जाते. चहा मिळतो. देवघरात नको म्हणणारे अजूनही भेटतात, पण बाटली माझ्याच हातात असते, त्यामुळे ते फार ताणून धरत नाहीत. फरशी खरी निघाली तर लोक म्हणतात, ते आम्हाला ठाऊकच होतं. खोटी निघाली तर मला सोडायला दारापर्यंत कुणी येत नाही.

परवा घोडेगावातल्याच साळुबाई मावशींनी बोलावलं. पंचायत समितीच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. ओटा साधा काळ्या कडप्प्याचा, कडेला टवका उडालेला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की मी दगड बघून त्याने काय काय भोगलं ते सांगते. मी भिंग लावलं, उगाच एक थेंब टाकला, पुसून काढला.

"ह्यो किती तापल्याला?" त्यांनी विचारलं.

"हा तापलेलाच नाही, मावशी. समुद्राच्या तळाशी गाळ बसत गेला, त्याचा दगड झाला. याला पुढे काही झालेलं नाही. हा आमच्या वर्गवारीत येतच नाही."

"कायच न्हाई झालं?"

"काहीच नाही."

साळुबाईंनी ओट्यावरून फडकं फिरवलं आणि जरा विचार केला.

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "घरात एकाला तरी तरास न्हाई." आणि दुधाचं पातेलं त्याच्यावर ठेवून चहाला लागल्या.